हुर्यो ऐकून घ्यायची रीत

गेल्या उन्हाळ्यात मंडळातल्या एका मैत्रिणीचा फोन आला. सुट्टीत न्यूयॉर्कला निघाले होते, यँकी स्टेडियमची तिकिटं काढली होती, समोर ह्यूस्टनचा बेसबॉल संघ, म्हणजे आपलेच अ‍ॅस्ट्रोज. धाकट्याला अल्टुवेची 27 नंबरची जर्सी घालून जायचं होतं. "घालू देऊ का गं? लोक काही करणार नाहीत ना?"

मी म्हटलं, करणार काही नाहीत, पण बोलतील. काय बोलतील आणि का बोलतील, हे पोराला विमानात बसायच्या आधी सांगून ठेव. तिथे परक्याच्या तोंडून कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. त्या दिवशी तासभर फोनवर जे बोलले तेच इथे लिहून काढते आहे. दर वर्षी कोणीतरी नवं कुटुंब ह्यूस्टनला येतं, पोरं दोन महिन्यांत अ‍ॅस्ट्रोजची होतात, आणि आईबापांना हा सगळा इतिहास ठाऊक नसतो.

मी मूळची मिरजेची. 2009 पासून ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटीत. बेसबॉल मला लेकाने शिकवला, तोही आठ वर्षांचा असताना, भाजी चिरता चिरता. त्यामुळे माझ्याकडून आकडेवारीचं पांडित्य नको. शिव्या कशा ऐकून घ्यायच्या, तेवढं मात्र मला येतं.

तर पहिलं काम. आपल्या संघाने नेमकं काय केलं ते स्वतः नीट समजून घ्या. "काहीतरी कचऱ्याच्या डब्याचं लफडं झालं होतं म्हणे" एवढ्यावर बाहेर पडू नका, कारण समोरच्याला तारखेसकट पाठ असतं.

बेसबॉलमध्ये कॅचर दोन पायांमध्ये हात धरून बोटांनी पिचरला खूण करतो: हा वेगात टाक, हा वळव. बॅटरला ती खूण दिसत नाही, आणि सगळा खेळ त्याच्यावर उभा आहे. दीडशे किलोमीटरच्या वेगाने येणारा चेंडू सरळ येणार की ऐन वेळी खाली पडणार, हे आधी कळलं तर अर्धी लढाई तिथेच संपली. आता दुसऱ्या बेसवर उभा असलेला गडी स्वतःच्या डोळ्यांनी ती खूण बघून आपल्या बॅटरला इशारा देत असेल, तर ते चालतं. त्याला चलाखी म्हणतात, शंभर वर्षं चालत आलेली. यंत्र वापरणं मात्र चालत नाही. 2017 मध्ये अ‍ॅस्ट्रोजनी नेमकं तेच केलं. मैदानाच्या मध्यभागी लावलेल्या कॅमेऱ्याचं चित्र डगआउटच्या, म्हणजे खेळाडू बसतात त्या जागेच्या, मागच्या बोळात एका पडद्यावर आणलं. तिथे उभा असलेला माणूस खूण ओळखायचा, आणि वळणारा किंवा हळू चेंडू येणार असेल तर शेजारच्या कचऱ्याच्या डब्यावर दणका द्यायचा. आवाज नाही आला, तर चेंडू वेगात येणार. आपल्याकडे पत्ते खेळताना खोकून इशारा देतात ना, तितकंच साधं. म्हणून तर लोकांच्या डोक्यात ते इतकं घट्ट बसलं. काही किचकट संगणकी भानगड असती तर विसरून गेले असते.

हे सगळं बाहेर आलं नोव्हेंबर 2019 मध्ये. 2017 साली अ‍ॅस्ट्रोजमध्येच असलेला पिचर माइक फायर्स याने पत्रकारांना नावानिशी सांगितलं. 13 जानेवारी 2020 ला लीगचा अहवाल आला. क्लबला 50 लाख डॉलर दंड, म्हणजे नियमात बसणारा कमाल. दोन वर्षांच्या ड्राफ्टमधल्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीतल्या, पहिल्या दोन फेऱ्यांतल्या निवडी गेल्या. जनरल मॅनेजर जेफ लुनाव आणि मॅनेजर ए. जे. हिंच एक वर्षासाठी निलंबित, आणि त्याच दिवशी मालकाने दोघांना काढून टाकलं. खेळाडूंना शिक्षा शून्य. खरं बोलाल तर कारवाई नाही, असं अभय देऊन लीगने त्यांच्या जबान्या घेतल्या होत्या. 2017 चं विजेतेपदही काढून घेतलं नाही.

हुर्यो का उडते याचं उत्तर या शेवटच्या दोन वाक्यांत आहे, आणि तुमच्या पोराला नीट समजवायचं आहे ते हेच.

क्रिकेटचं उदाहरण घ्या, घरात ते पटकन पोचतं. 2018 मध्ये केपटाउनला सँडपेपर प्रकरण झालं. स्मिथ आणि वॉर्नर वर्षभर घरी बसले. 2019 च्या वर्ल्ड कपमध्ये ओव्हलवर आपले लोक स्मिथला चीटर चीटर म्हणायला लागले तेव्हा कोहलीने हाताने खूण करून त्यांना थांबवलं, टाळ्या वाजवा म्हणाला. मला ते पटलं होतं, कारण स्मिथ शिक्षा भोगून आला होता. इथे अल्टुवे, ब्रेगमन, कोरेआ, स्प्रिंगर यांचा एक सामनाही बुडला नाही. त्यातून पुढचा मोसम कोविडमुळे रिकाम्या स्टेडियममध्ये गेला. लोकांचा राग वर्षभर डब्यात झाकण लावून राहिला आणि 2021 मध्ये गेट उघडल्यावर एकदम बाहेर पडला. अ‍ॅनाहाइमला प्लास्टिकचे फुगवलेले कचऱ्याचे डबे मैदानात आले. लीगने जी शिक्षा दिली नाही ती तिकीट काढून आलेले लोक देतायत. थोडी थोडी, दर सामन्याला. ती तुमच्या पोराला नाही, त्याच्या पाठीवरच्या नावाला आहे. एवढं त्याला कळलं तर निम्मं काम झालं.

आता ती शिक्षा बरोबर माणसाला मिळते का? नाही. आणि हेही पोराला सांगा, पण फक्त घरात.

ह्यूस्टनच्याच एका चाहत्याने 2017 च्या 58 घरच्या सामन्यांचे व्हिडिओ बसून ऐकले. आठ हजारांवर चेंडू. कुठे कुठे डबा वाजला त्याची नोंद केली. एकूण 1143 दणके. मला या माणसाबद्दल फार आदर आहे. आपल्याच घरचा हिशोब तपासायला बसायचं, तोही कोणी सांगितलं नसताना, म्हणजे काय काळीज लागत असेल. त्या नोंदीत सर्वांत जास्त दणके मार्विन गोन्झालेझच्या वाट्याला, 147. अल्टुवेच्या वाट्याला 24, नेहमीच्या बॅटरांमध्ये सर्वांत कमी. गोन्झालेझने पुढे माफी मागितली, दुसऱ्या संघांकडून खेळला, आणि त्याच्या नावाने कोणी ओरडल्याचं मी ऐकलं नाही. हिंच पुढच्याच वर्षी डेट्रॉइटचा मॅनेजर झाला, तिथे लोक त्याच्यावर खूश. तेव्हाचा बेंच कोच अलेक्स कोरा या सगळ्याच्या मुळाशी होता असं अहवालातच आहे, तो बॉस्टनचा मॅनेजर म्हणून परत जाऊन बसला. राहिला कोण? साडेपाच फुटांचा अल्टुवे, तोच क्लब, तीच जर्सी. न्यूयॉर्कमध्ये त्याच्या नावाने एक घोष आहे. पहिला शब्द इथे लिहिता येत नाही. अ‍ॅस्ट्रोज शहरात नसतानाही तो घोष होतो.

न्यूयॉर्कवाल्यांचं दुःख आहे तरी काय? 2017 ची लीग फायनल, म्हणजे अंतिम लढतीच्या आधीची पायरी, यँकीजविरुद्ध सात सामन्यांची झाली, त्यात अ‍ॅस्ट्रोजनी जिंकलेले चारही सामने ह्यूस्टनचे. शिवाय त्या वर्षीचा मोस्ट व्हॅल्युएबल प्लेयर अल्टुवे, आणि दुसऱ्या नंबरला त्यांचा आरन जज. विसरतील कसे? मिरजेत आमच्या वाड्यात वाटणीत गेलेल्या एका हौदावरून चाळीस वर्षं बोलणं बंद होतं.

तर पोराला सांगा, की अल्टुवेच्या नावावर डबे कमी आहेत ही गोष्ट खरी आहे, आणि तरीही ती स्टँडमध्ये काढायची नाही. त्याने डबा थांबवला नाही, हेही तितकंच खरं आहे.

स्टँडमध्ये न काढायच्या गोष्टी आणखी दोन आहेत. "सगळेच करत होते" हे पहिलं. बॉस्टनने 2017 मध्ये स्मार्ट घड्याळ वापरलं म्हणून दंड भरला. यँकीजनाही डगआउटच्या फोनवरून एक लाख डॉलर दंड झालेला, ते पत्र 2022 मध्ये उघडं झालं. मला सगळं माहीत आहे. पण शेजारच्या वर्गातली पोरं पण कॉपी करत होती, हे बाईंना सांगून कधी कोणाचे मार्क वाढलेत? दुसरं, "त्याने काही फरक पडला नाही". हे आमच्या क्लबच्या मालकांनी फेब्रुवारी 2020 च्या पत्रकार परिषदेत म्हणून पाहिलं, आणि मिनिटभरात, मी तसं म्हणालोच नाही, असंही म्हणून पाहिलं. जगभर हसं झालं. तुम्ही तरी तो रस्ता धरू नका.

मग म्हणायचं काय? आमच्या घरात दोनच वाक्यं ठरली आहेत. "हो, केलं त्यांनी." आणि पुढे वाढलंच तर, "माइक बोल्सिंगर माहीत आहे मला."

हा बोल्सिंगर कोण ते सांगते. टोरोंटोचा पिचर. 4 ऑगस्ट 2017 ला ह्यूस्टनमध्ये तो मैदानात आला, एकच गडी बाद करू शकला, चार धावा गेल्या. त्या चाहत्याच्या नोंदीत सर्वांत जास्त दणके याच सामन्यात आहेत, 54. बोल्सिंगरला खालच्या लीगमध्ये पाठवलं आणि तो मेजर लीगमध्ये पुन्हा कधी टाकायला उभा राहिला नाही. 2020 मध्ये त्याने अ‍ॅस्ट्रोजवर दावा लावला. गंमत वाटेल, पण हे नाव घेतलं की समोरचा गप्प होतो. त्याला वाटलेलं असतं तुम्ही बाजू मांडणार, आणि तुम्ही ज्याचं नुकसान झालं त्याचंच नाव घेता. माझ्या लेकाला मी हे पाठ करायला लावलं तेव्हा तो वैतागला होता. आता तोच इतरांना सांगतो.

प्रत्यक्ष परगावच्या मैदानाचं सांगते. ऑगस्ट 2021 मध्ये आम्ही अर्व्हाइनला भाच्याकडे गेलो होतो, आणि भाच्याने हौसेने लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमची तिकिटं काढली. 2017 ची वर्ल्ड सीरिज, म्हणजे मोसमाची अंतिम लढत, अ‍ॅस्ट्रोजनी याच डॉजर्सकडून घेतली होती, आणि लफडं बाहेर आल्यानंतर प्रेक्षकांसमोर पहिल्यांदाच संघ तिथे उतरत होता. पन्नास हजारांवर लोक. लेक तेरा वर्षांचा, अंगात 27 नंबर. पार्किंगपासून सुरुवात. मी पार्किंगमध्ये शिकले त्या गोष्टी अशा: गाडी लवकर लावा, म्हणजे बिअर चढलेल्या गर्दीतून चालावं लागत नाही. घरच्या डगआउटच्या मागची महागडी तिकिटं घेऊ नका, तिथे कट्टर माणसं असतात. वरच्या मजल्यावर कुटुंबं असतात, ती ओरडतात पण पोरांना नाचो देतात. पोराला मधल्या खुर्चीत बसवा, दोन्ही बाजूंना मोठी माणसं. बाथरूमला एकट्याला पाठवू नका. आणि खेळाडूच्या नावाने ओरडत असतील तोवर हसून सोडा, पण तुमच्या पोराकडे किंवा तुमच्या रंगाकडे वळले तर अटेंडंटला बोलवा, प्रत्येक जिन्यापाशी उभा असतो. आम्हाला ती वेळ आली नाही.

आमच्या मागे एक सत्तरीचे आजोबा होते, डॉजर्सची निळी टोपी. पहिल्या इनिंगला अल्टुवे बॅटिंगला आला तेव्हा जो आवाज उठला, तसा मी सांगलीच्या कुस्तीच्या मैदानातही ऐकला नव्हता. आजोबाही हात तोंडाशी धरून ओरडत होते. ओरडून झाल्यावर खाली वाकून लेकाच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाले, तुला नाही बाळ, त्याला. मग विचारलं, 2017 च्या वर्ल्ड सीरिजचा पाचवा सामना पाहिला होतास का. लेक म्हणाला, हो. आजोबा म्हणाले, मी पण.

त्या पाचव्या सामन्याबद्दल सांगायलाच हवं. ऑगस्ट 2017 च्या शेवटी हार्वी वादळ आलं, जलाशयाचं पाणी केटीत शिरलं, आमच्या घरात गुडघाभर. भिंतींची खालची चार फूट शीटरॉक कापून टाकली होती. ऑक्टोबर संपत आला तरी घराला सांगाडा दिसत होता, पंखे रात्रंदिवस चालू, कुबट वास. त्या अवस्थेत, वरच्या खोलीतून खाली आणलेल्या टीव्हीवर आम्ही तो सामना पाहिला. डॉजर्सच्या केरशॉसारख्या पिचरकडे चार धावांची आघाडी होती, ती गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली. 13–12, दहाव्या इनिंगला ब्रेगमनचा फटका. शेजारी तशाच उघड्या भिंतींच्या घरातून बाहेर येऊन ओरडत होते. वादळानंतर त्या रस्त्यावर मोठ्याने हसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

आणि तो सामना घरचा होता. बोळात डबा होता. अहवाल म्हणतो, त्या वर्षीच्या वर्ल्ड सीरिजपर्यंत हे चालू होतं. माझ्यासाठी जी रात्र वादळानंतरची पहिली बरी रात्र, तीच डॉजरवाल्या आजोबांसाठी लुटलेली रात्र. लेकाने अकराव्या वर्षी मला विचारलं होतं, मग आपण खोटं खोटं नाचलो का. मी म्हटलं, आपण खरंच नाचलो, जिंकले ते खोटं. हे उत्तर मला अजूनही पुरतं पटलेलं नाही. 2022 ला डस्टी बेकरच्या हाताखाली, कॅमेऱ्याशिवाय, फिलाडेल्फियाला हरवून पुन्हा विजेते झाले तेव्हा बऱ्याच जणांनी सुटकेचा श्वास टाकला, की चला, हे तरी आपलं. मीही टाकला. पण 2022 ने 2017 धुऊन निघत नाही. दोन्ही टोप्या आमच्या कपाटात आहेत, 2017 ची घालून कोणी बाहेर जात नाही, एवढंच.

आता मला स्वतःला जास्त टोचणारी गोष्ट. डब्यावरून सगळा देश ओरडतो. रोबेर्तो ओसुनावरून कोण ओरडतं?

मे 2018 मध्ये टोरोंटोचा हा पिचर एका स्त्रीला मारहाण केल्याच्या आरोपावरून अटकेत गेला. लीगने 75 सामन्यांची बंदी घातली. ती बंदी चालू असतानाच, जुलैअखेर, अ‍ॅस्ट्रोजनी त्याला अदलाबदलीत घेतलं. स्वस्तात मिळत होता म्हणून, दुसरं कारण मला दिसत नाही. पुढे कोर्टात आरोप मागे घेतले गेले, वर्षभर तिच्यापासून लांब राहायची हमी त्याने दिली. ऑक्टोबर 2019 मध्ये लीग फायनल जिंकल्याच्या रात्री क्लबचा सहायक जनरल मॅनेजर तीन महिला पत्रकारांच्या दिशेने ओरडला, की ओसुना घेतला ते फार बरं झालं, तेही शिवीसकट. क्लबने आधी बातमीच खोटी ठरवली, मग दोन-तीन दिवसांत त्याला काढून टाकलं आणि माफी मागितली.

अशा खेळाडूचं काय करायचं, तर मी माझं सांगते. तो नवव्या इनिंगला यायचा. तो आला की मी उठून पाणी आणायला जायची, टाळी नाही, ओरडणं नाही. लेकाने कारण विचारलं तेव्हा त्याच्या वयाला झेपेल तसं सांगितलं. पण खरं लिहायचं तर हेही लिहिते: त्या जिंकल्याच्या रात्री मी उठले नव्हते. नवव्या इनिंगला ओसुनाने यँकीजच्या लमेह्यूला होमरन दिली, 4–4 झाले, आणि माझ्या तोंडून ओसुनाला सणसणीत शिवी गेली. होमरन दिल्याबद्दल! टोरोंटोतल्या त्या बाईसाठी माझ्या तोंडून तेवढ्या जोरात कधी काही निघालं नव्हतं. मग अल्टुवेने सामना जिंकून दिला आणि मी नाचले. तेव्हापासून दुसऱ्याच्या स्टेडियममधल्या आवाजाला मी फार नावं ठेवत नाही.

फायर्सबद्दल थोडक्यात. ह्यूस्टनमध्ये त्याला चुगलखोर म्हणणारे पुष्कळ भेटतील, मंडळाच्या गणपतीतही भेटतात. विजेतेपदाची अंगठी घेतली आणि संघातून गेल्यावर मग बोलला, हे खरंच आहे. पण त्या संघातून नावानिशी बोलला तो एकटाच, आणि त्याबद्दल त्याला जिवे मारायच्या धमक्या आल्या. पोरांसमोर त्याला नावं ठेवू नका. शाळेत कॉपी सांगणाऱ्या मुलाला घरी काय म्हणतो, तेवढं आठवा.

आता तर खुणांचा प्रश्नच मिटला. 2022 पासून कॅचरच्या अंगावर बटणांचं छोटं यंत्र असतं, बटण दाबलं की पिचरच्या टोपीत आवाज येतो. बोटं नाहीत, तर चोरायचं काय? लेक म्हणतो हे अ‍ॅस्ट्रोजचं खेळाला योगदान. असले विनोद तो परगावच्या स्टँडमध्येही करतो, आणि लोक हसतात. दहा-बारा वर्षांच्या पोराला मात्र विनोद करायला लावू नका, ते केविलवाणं दिसतं.

मैत्रिणीने शेवटी जर्सी घालू दिली, वरून एक साधं जाकीट घेतलं बरोबर, कंटाळला तर चढवायला. सामन्याच्या दिवशी मी पोळ्या लाटत होते तेव्हा तिचा मेसेज आला, "सुरू झालं गं."

मी विचारलं, "पोरगा?"

"कान झाकून हसतोय. किती वेळ चालतं हे?"

"अल्टुवे आउट होईपर्यंत."

पाच मिनिटांनी पुन्हा मेसेज. "तो आउटच होत नाहीये."